मे महिन्यातली बारा नावे

शाळेच्या कबड्डी संघाचा विषय निघाला की पालकांना ऑगस्ट-सप्टेंबर आठवतो. तालुक्याच्या स्पर्धा, पावसाने चिखल झालेले मैदान, टेम्पोतून घोषणा देत जाणारी पोरे. आम्हा शिक्षकांना आठवतो तो मे महिना. शाळेला सुट्टी असते, मैदानावर शेळ्या चरत असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पुढच्या वर्षीचा संघ एकतर जमतो नाहीतर विस्कटतो. स्पर्धेत दिसते ते त्याचे फळ असते.

न्हावरे हे शिरूर-चौफुला रस्त्यावरचे गाव. घोडगंगा साखर कारखान्यामुळे पुणे जिल्ह्यात त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही म्हणजे इथल्या शाळेतले दोघे-तिघे शिक्षक. कोणी भाषा शिकवतो, कोणी गणित. संध्याकाळी सगळे कबड्डीवाले होतो. गावात या खेळाची गोडी लावावी लागत नाही. एक रेघ ओढली की मुले खेळायला तयार. अडचण आहे ती बारा नावे टिकवण्याची.

कबड्डीत सात जण मैदानात उतरतात आणि पाच राखीव असतात, म्हणजे यादी बारांची. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात आणि वय १ जानेवारी धरून मोजतात. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेला मुलगा गटातून बाहेर पडतो आणि त्याच्याहून महिन्याने लहान असलेला, जानेवारीत जन्मलेला, आणखी एक वर्ष त्याच गटात खेळतो. मे महिन्यात आमचे पहिले काम असते दाखल्यांवरच्या जन्मतारखा पुन्हा वाचण्याचे. आमच्या आईवडिलांच्या पिढीत अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच तारीख टाकत. आता जन्माचे दाखले असतात, आधार असते. तरीही तारखा जुळत नाहीत, आणि स्पर्धेच्या टेबलावर कागद नाकारला गेला तर पोराचे रडणे आम्हालाच बघावे लागते. पालकांना विनंती एवढीच, की हे कागद सुट्टीतच सरळ करून घ्या. वय कमी दाखवून खेळवण्याचे सल्लेही मिळतात. ते आम्ही ऐकत नाही. खोट्या वयावर जिंकलेली ढाल शाळेच्या कपाटात ठेवायची आणि त्याच शाळेत मुलांना खरे बोला म्हणून शिकवायचे, हे जमणारे नाही.

बारांपैकी पाच-सहा नावे दरवर्षी गळतात. दहावी झालेले कोणी शिरूरला जातात, कोणी दौंडला, कोणी पुण्याला. कोणी आयटीआय धरतो, कोणाला रांजणगावच्या एमआयडीसीत मामा कामाला लावतो. आणखी एक गळती आहे, ती बाहेरच्यांना दिसत नाही. उसाच्या हंगामात तोडणीवाल्या कुटुंबांची मुले आमच्याकडे शिकायला येतात. त्यांच्यात अशी पोरे असतात की पळताना हाती लागत नाहीत, आणि अंगात ताकद म्हणाल तर मोळ्या उचलून कमावलेली. पण ती येतात दिवाळीच्या सुमारास, तेव्हा तालुका आणि जिल्हा आटोपलेला असतो. पट्टा पडला की ती आपल्या गावी परततात. त्यांचा हंगाम आणि स्पर्धांचा हंगाम कधी जुळतच नाही. इतकी वर्षे झाली, यावर आम्हाला उपाय सापडलेला नाही.

गळालेल्या जागा कशा भराव्यात यावर आमच्यात नेहमी वाद होतो. गावात बहुतेकांना संघ म्हणजे चढाई करणारा वाटतो. तो पळतो, गुण आणतो, टाळ्या घेतो. त्यामुळे शिबिराला तीस पोरे आली तर पंचवीस चढाईपटूच असतात. आम्ही मात्र आधी कोपरे शोधतो. डावा कोपरा आणि उजवा कोपरा ही जोडी. एकाने घोटा धरला की दुसऱ्याने क्षणात आत यायचे. त्यांच्या आतले दोघे मध्यरक्षक त्यांना साथ देतात. ही चौकडी एकमेकांना डोळ्यांनी ओळखायला लागायला वर्ष जाते. म्हणून चढाईपटू गेला तर आम्ही हळहळतो, पण कोपऱ्यांची जोडी फुटली तर झोप उडते. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली तर एक गुण जादा मिळतो, तिला अव्वल पकड म्हणतात. शांत डोक्याचा कोपरा असेल तर हरत आलेला सामना अशा दोन पकडींवर फिरतो. असा मुलगा बहुधा वर्गात मागे बसणारा, कमी बोलणारा असतो. त्याला हेरावे लागते.

मोठ्या संघांचेही हेच गणित असते, फक्त आकडे कोटींचे. प्रो कबड्डीत हंगाम संपला की संघ ठरवतात कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, मग लिलाव. इराणचा फजल अत्राचाली २०१८च्या लिलावात एक कोटीला गेला, प्रो कबड्डीत कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू. पुढे तो पुणेरी पलटणचा कर्णधार झाला आणि डिसेंबर २०२२मध्ये पुण्याने अंतिम सामना जयपूरविरुद्ध ३३-२९ असा गमावला. त्यानंतरच्या सुट्टीत पुण्याने जे केले ते आम्ही मुलांना वारंवार सांगतो. फजलसारखा मोठा खेळाडू सोडला आणि स्वतःच्या ‘युवा पलटण’मध्ये घडलेली तरुण पोरे धरून ठेवली. मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, आणि कर्णधारपद दिले अस्लम इनामदारला. अस्लम आपल्या शेजारचाच, घोड नदीच्या पलीकडचा, अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. लिलावात त्यांनी एकच मोठी खरेदी केली, इराणचा बचावपटू महंमदरझा शादलू, दोन कोटी पस्तीस लाखांना. १ मार्च २०२४ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ हरवून पुणेरी पलटणने पहिल्यांदा करंडक उचलला. त्याआधी ऑक्टोबर २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इराणला ३३-२९ असे हरवून भारताने सुवर्ण घेतले, त्या संघातही अस्लम आणि आकाश होते.

आमच्या पोरांना या गोष्टीत अस्लमचे नाव आवडते. आम्हाला आवडतो तो आधीचा भाग, की घरची पोरे सांभाळली आणि उणीव होती तिथेच एक माणूस बाहेरून आणला. गावच्या संघातही तेच चालते. बचाव तयार असेल तर शेजारच्या वाडीवरून एक चढाईपटू शाळेत येणे पुरते. आठ जण बाहेरून जमवून आणले तर तो आपल्या शाळेचा संघ राहतो का?

उलटे वारेही वाहते. सुट्टीत बाहेरची माणसे गावात चक्कर मारतात. मुलाला आमच्याकडे द्या, राहणे-खाणे फुकट, पुढे नोकरी पक्की. अब्बांना हे ऐकून बरे वाटते. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला ठरावीक पातळीवर खेळलेल्यांना सवलतीचे गुणही मिळतात, हे खरे. पण ते ठरलेल्या स्तरावर खेळल्यावर, प्रमाणपत्राची पडताळणी झाल्यावर. फुकट राहण्याच्या नादात मुलाची शाळा सुटली तर गुण कुठे लावणार? आम्ही पालकांना सांगतो, मुलाला पाठवण्याआधी स्वतः तिथे एक रात्र राहून या. मुले कुठे झोपतात, जेवणात काय असते, आजारी पडले तर कोण नेते, शाळेत हजेरी खरोखर लागते की नुसती वहीत लागते, हे डोळ्यांनी पाहा. चांगली ठिकाणे आहेत, आणि तिथे गेलेल्या मुलांचे आम्हाला कौतुकच आहे. संघ मोडतो म्हणून कोणाचा रस्ता अडवणे बरे नव्हे.

वजनाचेही सांगायला हवे. किशोर आणि कुमार गटांत वयाबरोबर वजनाची मर्यादा असते. मुलगा सुट्टीत नानीकडे जातो, आंबे आणि बिर्याणी खाऊन चार किलो वाढवून येतो, आणि मग स्पर्धेआधी त्याला उपाशी ठेवण्याचे प्रकार होतात. काटा होईपर्यंत पाणीसुद्धा देत नाहीत. वाढत्या वयाच्या लेकराशी हे वागणे बरोबर नाही. वजन मे महिन्यापासून हळूहळू सांभाळायचे असते. भाकरी, डाळ, अंडी, मूठभर शेंगदाणे आणि रोजचे पळणे यांनी ते जागेवर राहते. नाही राहिले तर पोराला वरच्या गटात खेळू द्यावे. सराव आम्ही फजरनंतर उजाडले की घेतो आणि ऊन चढायच्या आत संपवतो. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, त्यामुळे रोजे आणि स्पर्धा यांची गाठ पडत नाही. पण वार्षिक परीक्षा जवळ असते, म्हणून त्या महिन्यात सराव बंदच ठेवतो.

आता मुलींच्या संघाबद्दल. खरा घाम इथेच गाळावा लागतो, आणि तोही मैदानाबाहेर. मुलांची यादी आम्ही मैदानावर बसून लिहितो. मुलींची यादी घराघरांत बसून लिहावी लागते. सातवी-आठवीपर्यंत कोणी काही म्हणत नाही. नववीची सुट्टी आली की निरोप यायला लागतात. आता ती मोठी झाली. लोक काय म्हणतील. तिच्या खालांचे म्हणणे पडले. हे फक्त आपल्या मोहल्ल्यात होते असे नाही, वाड्या-वस्त्यांवर सगळीकडे हीच वाक्ये ऐकू येतात. आम्ही वाद घालत नाही. चहा घेतो आणि विचारतो, नेमकी काळजी कशाची आहे? बहुतेक वेळा उत्तर साधे निघते. सोबत बाई शिक्षिका असेल का, मगरीबच्या आत घरी पोचेल का, पोशाख काय, फोटो मोबाइलवर फिरतील का. या चारही गोष्टींची सोय करता येते. शिक्षिका सोबत असते, सराव सकाळी असतो, पूर्ण बाह्या आणि लांब पँट घालून खेळायला आमच्याकडे कोणी अडवत नाही, आणि फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत असे आम्ही ठरवले आहे.

पोशाखावर कोणी अडले की आम्ही इराणच्या मुलींचे उदाहरण देतो. डोक्यावर स्कार्फ, अंगभर कपडे, आणि २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी भारताच्या मुलींना २७-२४ असे हरवून सुवर्ण नेले. दुःख झालेच, आपला संघ हरला होता. पण त्या इराणी संघाच्या प्रशिक्षिका कोण? नाशिकच्या शैलजा जैन. मराठी बाई परक्या देशात गेल्या, त्यांच्या चालीरीती समजून घेतल्या आणि त्यातूनच विजेता संघ उभा केला. एका घरात हे सांगितले तेव्हा कोपऱ्यात तस्बीह घेऊन बसलेल्या दादी म्हणाल्या, “म्हंजी शिकवणारी आपलीच होती की!” त्या घरची मुलगी त्या वर्षी खेळली. पुढच्या आशियाई स्पर्धेत, हांगझोऊला, भारताच्या मुलींनी सुवर्ण परत आणले, चिनी तैपेईला २६-२५ असे एका गुणाने हरवून. त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. मुलींना आम्ही दोन्ही सामन्यांचे सांगतो.

आईची बाजूही ऐकायला हवी. मुलगी सकाळी दीड तास मैदानावर गेली तर पाणी कोण भरणार, धाकट्याला कोण सांभाळणार? सुट्टीत बायका खुरपणीला जातात, तेव्हा घर मुलीवरच असते. अशा दोन घरांत आम्ही सुचवले की मुलगी सरावाला येताना धाकट्या भावाला सोबत आणू दे. आता रेघेबाहेर पाच-सहा चिल्लीपिल्ली बसलेली असतात आणि आपापला डाव मांडतात. त्यांतला एक सहा वर्षांचा गडी घोटा असा धरतो की आमच्या मोठ्यांनी शिकावे.

१५ जुलै हा बुवा साळवींचा जन्मदिवस, महाराष्ट्रात तो कबड्डी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी आम्ही बारा नावे शाळेच्या फळ्यावर लिहितो. यंदा जूनच्या मध्यापर्यंत मुलांचे अकरा पक्के आहेत. बारावा पायाला लागून बसला आहे, पण तो बरा होईपर्यंत त्याची जागा कोणाला द्यायची नाही असे मुलांनीच ठरवले. मुलींची नऊ नावे झाली. दोघींच्या घरी होकार आहे, कागद बाकी आहेत. उरली डाव्या कोपऱ्याची जागा. तिथली मुलगी दोन वर्षे खेळलेली आहे, यंदा दहावीत गेली आणि घरून अजून काही कळवलेले नाही. मंगळवारी असरनंतर आम्ही तिच्याकडे जाणार आहोत. शिक्षिकाबाई सोबत आहेत, आणि चहा आमच्याकडेच घ्या असा तिच्या अम्मीचा निरोप आला आहे.