ओव्हेर्न प्रांतांतील मृत ज्वालामुखी आणि लेखी पुरावा

जुन्या लेखांत एखाद्या गोष्टीचा उल्लेख नाहीं, एवढ्यावरून ती घडलीच नाहीं असें म्हणतां येईल काय? उलटपक्षीं, एखाद्या पत्रांत अग्नि व राख हे शब्द आले म्हणजे तेथें ज्वालामुखीच भडकला असें मानावें काय? हे दोन प्रश्न संशोधकांपुढें निरनिराळ्या रूपांनीं वारंवार येतात. फ्रान्सच्या मध्यभागांतील ओव्हेर्न प्रांताच्या उदाहरणानें या दोहोंवरहि चांगला प्रकाश पडतो, म्हणून तें आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

क्लेर्माँ शहराच्या पश्चिमेस दक्षिणोत्तर ओळीनें सुमारें ८० लहानमोठे ज्वालामुखी उभे आहेत. त्यांत प्वी द डोम हा सर्वांत उंच. त्याची उंची १,४६५ मीटर आहे. पुष्कळ टेकड्यांच्या माथ्यावर द्रोणाकार मुख अद्यापि स्पष्ट दिसतें. प्वी द डोमच्या शिखरावर रोमन लोकांनीं मर्क्युरी देवतेचें मंदिर बांधिलें होतें. त्याचे अवशेष १८७२ त सांपडले. इ. स. १२४८ त आरंभिलेलें क्लेर्माँचें मुख्य ख्रिस्तमंदिर जवळच्याच व्हॉल्व्हिक गांवच्या काळ्या दगडाचें आहे. परंतु हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस होय, हें अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांच्या ध्यानीं आलें नाहीं.

तें प्रथम ओळखिलें झां एत्येन गेतार या निसर्गशास्त्रज्ञानें. इ. स. १७५१ त मालझेर्ब या स्नेह्यासह प्रवास करीत असतां मूलँ येथें काळ्या दगडाचा उपयोग केलेला त्यानें पाहिला. गेतारनें स्वतः जळता ज्वालामुखी कधींहि पाहिला नव्हता. पण व्हेसुव्हिअसच्या दगडांचे नमुने त्याच्या परिचयाचे होते. हा दगड कोठून येतो याची चौकशी करीत तो व्हॉल्व्हिकच्या खाणींपर्यंत व तेथून डोंगरांपर्यंत पोंचला, आणि १७५२ त पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें त्यानें आपला निबंध वाचिला. नाण्यावरून टांकसाळ शोधावी, तसाच हा प्रकार होय.

पुढें निकोला देमारे यानें १७६३ त याच प्रदेशांत बेसाल्टचे खांब लाव्ह्याच्या प्रवाहास जोडलेले पाहिले व बेसाल्ट हा अग्निजन्य आहे असें प्रतिपादिलें. गेतार मात्र त्या काळीं बेसाल्ट जलजन्यच मानीत होता. कांहीं प्रवाह दऱ्यांच्या तळाशीं आहेत व कांहीं टेकड्यांच्या माथ्यावर. माथ्यावरचे अधिक जुने, कारण ते वाहिले त्यानंतर पाण्यानें भोंवतालची जमीन खणून नेली, हेंहि देमारेनें दाखविलें. एकाच पत्रावरील निरनिराळ्या हातांचीं अक्षरें वेगळीं करावींत, तसें त्यानें प्रवाहांचे थर लाविले.

आतां हे पर्वत विझले केव्हां? ज्यूलिअस सीझरनें इ. स. पूर्व ५२ त या पर्वतांजवळच्याच गेर्गोव्हिआस वेढा दिला. पण त्याच्या ग्रंथांत जळत्या पर्वताचें नांवहि नाहीं. पांचव्या शतकांतील सिडोनिअस अपॉलिनारिस हा तर या प्रांताचा धर्माध्यक्ष. एका पत्रांत त्यानें आपल्या सरोवरतीरींच्या वाड्याचें सविस्तर वर्णन केलें आहे. हें सरोवर म्हणजे आयदा असें बहुतेक विद्वान् मानतात, आणि आयदा हें लाव्ह्याच्या प्रवाहानें ओढा अडून झालेलें आहे. सिडोनिअसला त्याची वार्ताहि नाहीं.

तथापि याच सिडोनिअसच्या दुसऱ्या एका पत्रानें घोटाळा उत्पन्न केला. व्हिएनच्या मामेर्टस या धर्माध्यक्षास लिहितांना त्यानें भूकंप, वारंवार लागणाऱ्या आगी, घरांवर पडलेला राखेचा ढीग व नगरांत शिरलेलीं हरिणें यांचें वर्णन केलें आहे. यावरून इ. स. ४७० च्या सुमारास येथील ज्वालामुखी जागृत होते, असें अनुमान कांहींनीं काढिलें. पण व्हिएन हें रोन नदीवर, या पर्वतांपासून पुष्कळ दूर. शिवाय तूरचा ग्रेगरी हाच प्रसंग सांगतांना राजवाडा जळाल्याचें लिहितो, डोंगर पेटल्याचें नाहीं. आणि ग्रेगरी तर जन्मानें क्लेर्माँचाच. राख होती ती जळालेल्या घरांची.

अखेरचा निर्णय भूमीनेंच दिला. लाव्हा व राख यांखालीं सांपडलेल्या कोळशाच्या किरणोत्सर्गी कार्बनावरून आयदा अडविणारा प्रवाह सुमारें साडेआठ हजार वर्षांपूर्वींचा ठरला आहे. आणि सर्वांत अलीकडील पाव्हँ सरोवराचें मुख सुमारें सात हजार वर्षांपूर्वीं फुटलें. म्हणजे सीझरचें मौन त्याच्या काळापुरतें खरें होतें. त्यामागील काळाविषयीं त्यावरून कांहींच सिद्ध होत नव्हतें.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणहि लाव्ह्याचाच. पण तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं मुख्यतः लांब भेगांतून पसरला. तेव्हां मनुष्यच नव्हता, मग त्याची स्मृति कोठून राहणार? लोणारचें विवरहि पुष्कळ काळ ज्वालामुखीचें मुख समजलें जात असे. १९७३ त प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तें उल्कापातानें झाल्याचें दृढ झालें. सबब पुराणांतील अग्निवर्णनें अथवा स्थळकथा भूगर्भीय घडामोडींचा दाखला म्हणून पुढें करण्यापूर्वीं संग्राहकांनीं लेखाचा काळ, लेखकाचें स्थळ व दगडाची साक्ष हीं तीनहि एकत्र ताडून पाहावींत, अशी आमची विनंति आहे.