सातव्या थरातला ठिपका

कुलाब्याच्या टोकाला समुद्र भिंतीवर आपटतोय. जुलै महिना. बाहेर सदरा अंगाला चिकटतो. प्रयोगशाळेचं दार उघडलं की गार हवा तोंडावर येते. एसी चालू आहे तो काचांसाठी. दमटपणा वाढला की गळणारा विद्युतप्रवाह वाढतो.

लोखंडी मांडणीत कणशोधकांचे बारा थर एकावर एक आहेत. प्रत्येकात 3 मिलिमीटरच्या दोन काचा, मध्ये 2 मिलिमीटरची फट. फटीतून वायू वाहतो, बाटलीत बुडबुडे येत राहतात. जुनी हवा पुरती निघून जाईपर्यंत थांबायचं. मग व्होल्टेज पायरीपायरीने वाढवायचं, दहा हजारांच्या आसपास.

पलीकडच्या टेबलावर एकजण नव्या काचांच्या कडांना गोंद लावतोय. तो वाळायला रात्र जाईल. मग वायू भरून दाब टिकतो का ते पाहायचं. दाब दाखवणाऱ्या नळीतलं पाणी सरकलं, तर कुठेतरी गळतंय.

पडद्यासमोरची मुलगी बपेऱ्याची, तुमसर तालुक्यातली. फोन कानाला आहे.

"रोवणी झाली का, बाबा?"

"अर्धी झाली. तू जेवली काय?"

"जेवतो आता."

डबा बंदच आहे. पडद्यावर ठिपक्यांची सरळ रेघ उमटते: आकाशातून आलेला म्युऑन. तळहाताएवढ्या जागेतून ते सेकंदाला एक-दोन जातात, इथे आणि बपेऱ्याच्या धानाच्या बांधीवरही. या रेघेत मात्र सातव्या थरात ठिपका नाही. तिची नजर तिथेच थांबते. थर चुकला कितीदा, हे मोजणं हेच तिचं काम. हजारो रेघा जमल्यावर टक्का निघेल. तोवर बसायचं.

म्युऑनचा हा पाऊस टाळायचा तर जमिनीखाली जावं लागतं. 1965 साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनो कणांची खूण मिळाली. खाणी तिला नव्या नाहीत. चिखला, डोंगरी बुजुर्ग तिच्याच तालुक्यात.

साडेआठ वाजतात. जिनिव्हाला पाच. तिथल्या प्रवेगकाच्या 27 किलोमीटरच्या कड्यात प्रोटॉनांचे झुबके सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. शेजारचा विद्यार्थी त्यातल्या निवडक टकरींचा आलेख बैठकीत दाखवतोय. पलीकडून एकाच बिंदूबद्दल विचारणा होते. तो मान डोलावतो, वहीत लिहून घेतो. आठवडा त्या बिंदूत जाईल. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांचे करार, मग नवा देश, नवी खोली. तरी आलेख बंद करताना त्याचा चेहरा उजळलेला आहे, आणि मला तो फार आवडतो.

2015 साली हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर याच कड्यावरच्या दोन प्रयोगांनी मिळून निबंध लिहिला. लेखक 5154. पानं 33. त्यातलं संशोधन संदर्भांसकट नऊ पानांत आहे. उरलेली 24 पानं नावांची आणि संस्थांची.