रेडिओची खरखर

संध्याकाळ झाली. शेजारच्या आजींनी बातम्यांसाठी रेडिओ लावला. पण बातम्या कसल्या? नुसती खरखर!

"गुरुजी, रेडिओ बिघडला. मोडीत काढू का?" आजींनी विचारले.

मी म्हणालो, "थांबा आजी. आधी चोर शोधू. कदाचित तो घरातच असेल."

ही खरखर येते कुठून? पुण्याचे आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. अशा केंद्रातून लहरी निघतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. लांबून भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत येईपर्यंत त्या दुबळ्या होतात.

विजेच्या वस्तूत ठिणगी उडाली, की तिच्यातूनही लहरी निघतात. मोबाईलच्या चार्जरमध्ये वीज एका सेकंदात हजारो वेळा चालू-बंद होते. त्यातूनही लहरी निघतात. या लहरी जवळच्या, म्हणून जोरदार. बाजाराच्या गलक्यात लांबची हाक ऐकू येत नाही ना? तसेच हे.

1973 साली सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून दूरदर्शन दिसू लागले. तेव्हाही दारावरून फटफटी गेली, की पडद्यावर ठिपके नाचत. कारण हेच.

आता चोर कसा शोधायचा?

रेडिओ सेलवर लावा. हात कोरडे करा. घरातला मेन स्विच बंद करा. खरखर थांबली, तर चोर आपल्याच घरात. मग सगळी बटणे बंद करून मेन चालू करा. आता एकेक बटण दाबा. ज्या बटणाने खरखर सुरू होईल, तिथे चोर!

मेन बंद करूनही खरखर राहिली, तर चोर बाहेर. रेडिओ घेऊन चाला. आवाज वाढेल तिकडे चोर. शेजाऱ्याशी भांडू नका. त्याला ऐकवा. खांबाजवळ आवाज वाढला, तर खांबाला हात लावू नका. वायरमनला कळवा.

आजींच्या घरी दोन चोर सापडले. एक नातवाचा स्वस्तातला चार्जर. तो काढून ठेवला. दुसरा मात्र वाईट होता. पंख्याची पिन सॉकेटात सैल बसत होती. आत ठिणग्या उडत होत्या. सॉकेट काळे पडले होते. आणि खाली भाताचा पेंढा!

मेन बंद केला. पेंढा हलवला. दुसऱ्या दिवशी वायरमनने सॉकेट बदलले. आजी म्हणाल्या, "बरं झालं बाई खरखरलं! नाहीतर घर पेटलं असतं."

आपल्याकडे आषाढात पाऊस कोसळतो. वीज जाते, मोबाईलची रेंज जाते. तेव्हा पावसाचा इशारा सेलच्या रेडिओवरच ऐकू येतो. म्हणून रेडिओ नीट ठेवा.

खरखर आली, तर रेडिओला थापडा मारू नका. ती काय सांगते, ते ऐका.