मद्यधुंद चालक आणि सदोष मनुष्यवध : कलम कुठे ठरते?

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या हातून माणूस मेला, तर भारतीय कायद्यात त्याच्यावर मुख्यतः दोनपैकी एक कलम लागते. पहिले निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्याचे, म्हणजे भारतीय दंड संहितेतले 304-अ. त्याची कमाल शिक्षा 2 वर्षे होती, गुन्हा जामीनपात्र, खटला दंडाधिकाऱ्यांपुढे. दुसरे सदोष मनुष्यवधाचे, म्हणजे कलम 304 चा दुसरा भाग. तिथे कमाल शिक्षा 10 वर्षे, गुन्हा अजामीनपात्र आणि खटला सत्र न्यायालयात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ही कलमे अनुक्रमे 106(1) आणि 105 झाली. निष्काळजीपणाची कमाल शिक्षा 5 वर्षांवर गेली. दोन्ही गुन्ह्यांमधली सीमारेषा मात्र होती तिथेच राहिली.

ही रेषा जाणिवेची आहे. आपल्या कृत्याने कुणाचा जीव जाण्याचा संभव आहे हे चालकाला ठाऊक होते, असे सरकार पक्षाने सिद्ध केले तर सदोष मनुष्यवध. नाही तर निष्काळजीपणा. मारण्याचा हेतू दाखवावा लागत नाही. ‘नशेत होतो, काही कळत नव्हते’ हा बचावही इथे चालत नाही. स्वतःहून नशा केलेल्या माणसाला शुद्धीत असताना जी जाणीव असती तीच होती, असे कायदा धरून चालतो. दंड संहितेच्या कलम 86 मधला हा नियम नव्या संहितेत कलम 24 म्हणून आला आहे. मद्यधुंद चालकांच्या खटल्यांत या तरतुदीची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

रेषा कुठे पडते हे सर्वात स्पष्ट झाले ते मुंबईतल्या एका खटल्यात. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक भरधाव मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गेली. 7 जण ठार, 8 जखमी झाले. चालकाच्या रक्तात 0.112 टक्के, म्हणजे 100 मिलिलिटरमागे 112 मिलिग्रॅम अल्कोहोल सापडले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार मर्यादा आहे 30 मिलिग्रॅमची. तरीही एप्रिल 2007 मध्ये सत्र न्यायालयाने त्याला निष्काळजीपणाबद्दलच दोषी धरले आणि 6 महिन्यांची शिक्षा दिली. सात जीवांना सहा महिने, यावर मुंबईत संताप उसळला. सप्टेंबर 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 304 चा दुसरा भाग लावून शिक्षा 3 वर्षे केली. 12 जानेवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवताना म्हटले, की तीन वर्षे फारच तोकडी आहेत. पण शिक्षावाढीसाठी राज्य सरकारने अपीलच केलेले नसल्याने तिला हात लावता येत नाही. सरकारची ही उदासीनता निकालपत्रात कायमची नोंदली गेली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या लोदी कॉलनी प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने हाच भाग लागू केला. तिथे जानेवारी 1999 मध्ये 6 जण मरण पावले होते, त्यांत 3 पोलीस होते. शिक्षा मात्र भोगून झालेल्या दोन वर्षांपुरतीच ठेवून न्यायालयाने 50 लाख रुपये आणि समाजसेवेची अट घातली.

कलम मोठे लावले म्हणून ते टिकतेच असे नाही. आधी दारू सिद्ध व्हावी लागते आणि तिथे डॉक्टरांचे निरीक्षण पुरत नाही. तोंडाला वास, लडखडती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या, असंबद्ध बोलणे एवढ्यावरून चालक नशेत होता असे धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका खटल्यात 1971 मध्ये सांगितले. म्हणून रक्ताला महत्त्व आहे. ते काढताना त्वचेला स्पिरिट लावायचे नाही, नाहीतर तेच अल्कोहोल नमुन्यात शिरते. कुपीत सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असावे लागते. पहिल्याने रक्त आंबत नाही, दुसऱ्याने गोठत नाही. मग मोहोर, पंचनामा, मुद्देमालाची नोंद आणि रासायनिक विश्लेषकाकडे पाठवणी. यांतला एक दुवा निखळला की उलटतपासणीत अख्खा अहवाल कोसळतो. सप्टेंबर 2002 मधल्या वांद्र्याच्या बहुचर्चित अपघातात सत्र न्यायालयाने 2015 मध्ये अभिनेता सलमान खान याला 5 वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी 10 डिसेंबरला उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. तो दारू प्यायला होता आणि गाडी चालवत होता, ही दोन्ही विधाने सरकार पक्ष सिद्ध करू शकला नाही, असे न्यायालयाने म्हटले. रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरही शंका व्यक्त झाली.

काळ तर आरोपीच्याच बाजूने धावतो. शरीर साधारणपणे 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला 15 मिलिग्रॅम या गतीने अल्कोहोल संपवते. कार्टर रोडच्या चालकाचे रक्त आणखी सहा तासांनी घेतले असते, तर 112 चे सुमारे 22 उरले असते; म्हणजे कायदेशीर मर्यादेच्या आत. ऑगस्ट 2019 मध्ये तिरुवनंतपुरमला एक पत्रकार मोटारीखाली ठार झाला. गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या सनदी अधिकाऱ्याचे रक्त नऊ-दहा तासांनी घेतले गेले आणि त्यात अल्कोहोल आढळले नाही. 19 मे 2024 रोजी पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. तिथे रक्त उशिरा तर घेतलेच, शिवाय रुग्णालयात नमुनाच बदलल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी डॉक्टरांना अटक केली.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 202 मध्ये दोन तासांची अट आहे. कलम 185 खाली अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी त्या मुदतीत झाली नाही, तर त्याला सोडून द्यावे लागते. पण हे दोन तास अटकेपासून मोजले जातात, अपघातापासून नव्हे. त्यामुळे पळून जाऊन सकाळी हजर होणाऱ्याला या मुदतीचा काहीच धाक उरत नाही. शिक्षेची वर्षे वाढवण्याआधी संसदेने ही मुदत अपघाताच्या क्षणाशी बांधावी आणि राज्य सरकारने प्रत्येक पोलीस ठाण्याला रात्रीच्या वेळीही नमुना घेणारा डॉक्टर उपलब्ध करून द्यावा.