अनोळखी फाइल आणि आपला सर्व्हर

फोटो द्या, लहान करून घ्या. वर्डची फाइल द्या, पीडीएफ घ्या. असा सर्व्हर लिहायला फार वेळ लागत नाही, कारण खरं काम इमेजमॅजिक किंवा लिबरऑफिस करतं. आपण फक्त आलेली फाइल त्यांच्या हाती देतो. गोची तिथेच आहे.

मे २०१६ मध्ये इमेजमॅजिकमधली 'इमेजट्रॅजिक' ही त्रुटी उघड झाली. चित्रात बाहेरचा दुवा असला, तर त्या दुव्यावरची फाइल आणण्यासाठी इमेजमॅजिक शेलची कमांड तयार करायचं आणि दुवा पुरेसा न तपासताच त्या कमांडमध्ये घालायचं. दुव्यात अवतरणचिन्ह आणि उभी रेघ पेरली, की पुढचा मजकूर सर्व्हरवर कमांड म्हणून चालायचा. फाइलच्या नावाला जेपीजी लावलेलं असलं, तरी इमेजमॅजिक सुरुवातीचे बाइट पाहून प्रकार ओळखतं. त्यामुळे नावावरची गाळणी निरुपयोगी ठरली.

म्हणून सुरुवातीचे बाइट आपणच तपासावेत, मोजकेच प्रकार स्वीकारावेत आणि कन्व्हर्टरला प्रकार स्पष्ट सांगावा. पाठवणाऱ्याने दिलेलं नाव डिस्कवर वापरूच नये. त्यात वरच्या फोल्डरकडे नेणारे दोन टिंब असू शकतात, किंवा ते उणे चिन्हाने सुरू झालं तर कन्व्हर्टर त्याला ऑप्शन समजतो. आपण स्वतः यादृच्छिक नाव द्यावं. कन्व्हर्टर चालवताना शेल मध्ये आणू नये. प्रत्येक आर्ग्युमेंट वेगळं द्यावं.

आता आकार. अपलोडला १० एमबीची मर्यादा घालून लोक निर्धास्त होतात. पण ५०,००० बाय ५०,००० पिक्सेलचं एकरंगी पीएनजी दाबून काही एमबीत बसतं. उघडल्यावर पिक्सेलला ४ बाइट धरले तर १० जीबी मेमरी लागते. तेव्हा चित्र उघडण्याआधी हेडरमधली लांबी-रुंदी वाचावी, आणि मेमरी, वेळ, डिस्क यांवर ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच मर्यादा घालावी.

एवढं करूनही माझा भर तपासणीवर नाही. पोस्टस्क्रिप्ट तर मुळात प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. तशी फाइल बदलून देणं म्हणजे परक्याचा प्रोग्रॅम चालवणं. अशा फाइली वाचणाऱ्या घोस्टस्क्रिप्टने २०१९ च्या ९.५० आवृत्तीत सुरक्षित मोड आपोआप चालू ठेवला, पण त्यालाही बगल देणाऱ्या त्रुटी नंतर सापडल्याच. कन्व्हर्टर कधीतरी फुटणार, हे धरूनच मांडणी करायची. त्याला वेगळा, अधिकार नसलेला युजर द्या, एकच तात्पुरता फोल्डर लिहिण्यासाठी खुला ठेवा, नेटवर्क पूर्ण तोडा. दर फाइलला नवी प्रोसेस सुरू करा आणि काम होताच फोल्डरसकट पुसून टाका.

नेटवर्क तोडलंय की नाही, हे पाहायला सोपी चाचणी आहे. तुमच्याच दुसऱ्या मशीनवरच्या चित्राचा दुवा असलेली एसव्हीजी फाइल थेट कन्व्हर्टरला द्या आणि त्या मशीनचा लॉग उघडून ठेवा. लॉगमध्ये एकही ओळ उमटता कामा नये.