आकाशातले रस्ते आणि वैमानिकाची जबाबदारी

(इयत्ता चौथी)



विमानाचा आवाज आला की आपण सगळे वर्गाबाहेर पळतो. लहान पोरं तर हात हलवून टाटा करतात. पण आकाशात ना फाटा, ना सिग्नल, ना पोलीस. मग दोन विमानं समोरासमोर आली तर काय होत असेल? मी बाईंना विचारलं आणि पुस्तकातही वाचलं. ते तुम्हाला सांगते.

आपल्या रस्त्यावर डाव्या बाजूने चालतात. आकाशात मात्र उलटं आहे. समोरून विमान आलं तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. पुढच्याला मागे टाकायचं असेल तर त्याच्या उजव्या बाजूने जायचं. आणि दुसरं विमान आपल्या उजव्या हाताकडून आडवं येत असेल तर आपण वाट द्यायची.

यात एक गंमत आहे. प्रत्येक विमानाच्या डाव्या पंखाला लाल दिवा असतो आणि उजव्या पंखाला हिरवा. शेपटीला पांढरा. आता विचार करा. रात्री उजवीकडून विमान आडवं आलं तर आपल्याला त्याची डावी बाजू दिसेल, म्हणजे लाल दिवा दिसेल. लाल म्हणजे आपण वाट द्यायची! त्याला आपली उजवी बाजू, म्हणजे हिरवा दिवा दिसेल, तो सरळ जाईल. लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर समजा समोरूनच येतंय. मला हा नियम सगळ्यात आवडला, कारण न बोलता काम होतं.

विमानाने फुग्याला आणि बिनइंजिनच्या ग्लायडरला वाट द्यायची असते. संकटात सापडलेल्या विमानाला तर सगळ्यांनीच. दोन विमानं उतरायला आली तर जे खाली असेल त्याचा नंबर पहिला. पण मुद्दाम खाली घुसून नंबर लावायचा नाही, हेही लिहिलेलं आहे. रेशनच्या रांगेत असा नियम असता तर बरं झालं असतं.

उंचीचेही रस्ते असतात. पूर्वेकडे जाणारी विमानं ३१, ३३, ३५ हजार फूट अशा विषम आकड्यांवर जातात आणि पश्चिमेकडे जाणारी ३०, ३२, ३४ हजार अशा सम आकड्यांवर. म्हणजे नंदुरबारहून भुसावळच्या दिशेला विषम आणि सुरतच्या दिशेला सम. ३३ हजार फूट म्हणजे साधारण १० किलोमीटर. आपला अस्तंभा डोंगर सुमारे १३२५ मीटर आहे. सात अस्तंभे एकावर एक ठेवले तरी विमान त्यांच्यावरूनच जाईल.

आता लष्करी विमानांचं सांगते. १९४४ साली अमेरिकेत शिकागो शहरात पुष्कळ देशांनी मिळून विमानांचा करार केला. तो प्रवासी विमानांसाठी आहे. लष्कराच्या विमानांचे नियम ज्याचा तो देश करतो. पण त्याच करारात असंही आहे की, लष्करी विमानांनी प्रवासी विमानांच्या सुरक्षिततेची काळजी घ्यायचीच. पुण्याला लोहगावच्या विमानतळावर तर हवाई दलाची सुखोई विमानं आणि प्रवासी विमानं एकच धावपट्टी वापरतात.

उडण्याआधी वैमानिक विमानाभोवती एक फेरी मारतो. चाकं, पंख, सगळं स्वतः बघतो. हवामान विचारतो, इंधन किती ते बघतो. मग विमानाच्या वहीवर सही करतो. सही झाली की जबाबदारी त्याची. मागे कितीही मोठा साहेब बसलेला असो, विमानात शेवटचा शब्द मुख्य वैमानिकाचा. धुकं आहे, उतरता येणार नाही, असं तो म्हणाला तर नाही म्हणजे नाही. आपल्या देशात प्रवासी विमानाच्या वैमानिकाला उड्डाणाआधी १२ तास दारू अजिबात चालत नाही. बाजाराच्या दिवशी जीप चालवणाऱ्या काकांनी हे जरूर वाचावे.

अडचण आली तर वैमानिक रेडिओवर तीन वेळा 'मेडे' म्हणतो. लढाऊ विमानात खुर्चीच अशी असते की दांडा ओढला की रॉकेटने ती वैमानिकासकट बाहेर उडते आणि वर छत्री उघडते. पण दांडा कधी ओढायचा? लवकर ओढला तर वाचू शकणारं विमान जातं आणि उशीर केला तर जीव जातो. विमान हातात असेल तोवर वस्तीपासून दूर न्यायचं. हातातून गेलं आणि ठराविक उंचीच्या खाली आलं तर विचार करत बसायचं नाही, बाहेर पडायचं. ही उंची आधीच ठरवून ठेवतात, कारण त्या वेळी विचाराला वेळ नसतो.

हे फार लांबचं नाही. नाशिक जिल्ह्यात ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. तिथे पूर्वी मिग-२१ विमानं झाली. ती २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झाली. नंतर सुखोई झाली, आता तेजस होतात. ओझर निफाड तालुक्यातच आहे. त्याच तालुक्यात २७ जून २०१८ ला वावी ठुशी गावाजवळ आणि ४ जून २०२४ ला शिरसगावला सुखोई विमान पडलं. दोन्ही वेळा दोन-दोन वैमानिक खुर्चीसकट बाहेर पडले आणि वाचले. विमानं शेतात पडली, घरांवर नाही.

आमच्या गावची माणसं दिवाळीनंतर निफाडकडेच द्राक्षाच्या कामाला जातात. माझे काका-काकू पण जातात. काका सांगतात, विमान डोक्यावरून गेलं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. हे वाचल्यावर मी काकूला म्हटलं, वरच्या माणसाला तुमची पण काळजी घ्यायची असते. काकू म्हणाली, त्याला आम्ही दिसतो का गं? खालून जाताना शेतं आणि घरं दिसतात, असं मी सांगितलं.

काही जण म्हणतात की मुलींचं हे काम नाही. पण १८ जून २०१६ ला अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग या तिघी लढाऊ विमानांच्या शाखेत दाखल झाल्या. साताऱ्याला सैनिक शाळा आहे. ती १९६१ साली सुरू झाली आणि देशातली पहिली आहे. आता तिथे मुलींनाही घेतात. प्रवेश सहावीला मिळतो आणि परीक्षा पाचवीतच द्यावी लागते. म्हणजे आपल्या वर्गाला अभ्यासाला एकच वर्ष आहे. अर्ज कधी निघतो ते बाई फळ्यावर लिहिणार आहेत.