काकांचा बोलका संगणक

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे संगणकातले सारे काही मला कळते, अशी घरच्यांची भाबडी समजूत आहे. माझे काका पिठाची गिरणी चालवीत. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते मला म्हणाले, "दुसऱ्याने कागद वाचायचा आणि मी सही ठोकायची, हे किती दिवस चालायचं? मला ते यंत्र शिकव."

खरे सांगावयाचे तर मलाच ते येत नव्हते. चौकशी करता 'स्क्रीन रीडर' म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारा प्रोग्रॅम असतो, असे समजले. आम्ही एन.व्ही.डी.ए. हा घेतला. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली तो लिहावयास घेतला. तो फुकट मिळतो, ही आमच्यासारख्यांना केवढी मोठी गोष्ट!

येथे माऊसचे काम नाही. 'एफ' आणि 'जे' या कळांवर बारीक उंचवटे असतात. बोटांनी ते चाचपडून बाकीच्या कळा शोधावयाच्या. काकांना भीती एकच, चुकीची कळ दाबली तर यंत्र बिघडेल. त्यावर गमतीदार तोड आहे. 'इन्सर्ट' धरून '१' दाबला की कोणतीही कळ दाबा, संगणक फक्त तिचे नाव सांगतो, करीत काहीच नाही. काका आठ दिवस तेवढेच करीत बसले. आवाज यांत्रिक, मला तर डोकेदुखी व्हायची. पण गिरणीच्या घरघरीवरून पीठ जाडे पडते की बारीक हे ओळखणारे ते कान! महिन्याभरात त्यांनी वेगही वाढवून घेतला.

अडले ते निराळ्याच ठिकाणी. एका कार्यालयाकडून आलेला मराठी अर्ज उघडला, तर संगणक इंग्रजी अक्षरे बरळू लागला. मला मात्र पडद्यावर स्वच्छ मराठी दिसत होते. कारण असे की, जुन्या टंकांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे नुसते चित्र बसविलेले असते. डोळा फसतो, यंत्र फसत नाही. ते आतले इंग्रजी अक्षरच वाचते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक आहे, म्हणून तेथे 'क' हा 'क' म्हणूनच बोलला जातो. कागदाचा नुसता फोटो पाठविला तर स्क्रीन रीडर मुकाच.

तो अर्ज मी रात्री बसून युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित केला. काकांनी तो दोनदा ऐकला, तिसऱ्या कलमावर थांबले आणि म्हणाले, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." सही त्यांनी केली नाही.

या अंकात माझा लेख येणार, असे त्यांना कळविले आहे. अंक कोणत्या टंकात निघणार, हे त्यांनी लगेच विचारले. संपादकांना विचारून सांगते, असे म्हटले आहे.